ऑडॅसिटी: ताफ्याबरोबर काढलेले तीन महिने

विचारणाऱ्याचा मुद्दा थोडक्यात असा. दुसऱ्या महायुद्धात व्यापारी जहाजांच्या ताफ्याबरोबर ज्या छोट्या विमानवाहू नौका जात, त्या एस्कॉर्ट कॅरियर प्रत्यक्षात काय काम करायच्या? ब्रिटनची ‘ऑडॅसिटी’ ताफ्यांबरोबर जेमतेम तीन महिने होती आणि तिच्या विमानांनी स्वतः एकही पाणबुडी बुडवली नाही, तरी अभ्यासक तिचं नाव सगळ्यात आधी का घेतात? आणि या जहाजांचा आपल्याकडच्या समुद्राशी काही संबंध आला का?

मी नौदलात जुन्या ‘विक्रांत’च्या फ्लाइट डेकवर विमानं हलवण्याच्या कामावर होतो. त्यामुळे माझं उत्तर डेकच्या बाजूने येईल. ऑडॅसिटीची सेवा समजून घ्यायची तर किती शत्रू पाडले, किती बुडवले, हा हिशेब पुरत नाही. तिच्यामुळे ताफ्याच्या आसपास शत्रूला काय काय करता आलं नाही, ते बघावं लागतं.

आधी समुद्रावरची परिस्थिती. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि जर्मनीला अटलांटिकचा किनारा मोकळा मिळाला. बोर्दोजवळच्या मेरिन्याकच्या धावपट्टीवरून चार इंजिनांची फोके-वुल्फ कॉन्डॉर विमानं निघत आणि समुद्रात शेकडो मैल आत जात. ती दुहेरी काम करत. एकट्यादुकट्या जहाजावर बॉम्ब टाकत, आणि ताफा दिसला की त्याच्या तोफांच्या टप्प्याबाहेर घिरट्या घालत पाणबुड्यांना त्याची जागा कळवत. ब्रिटन-जिब्राल्टर हा मार्ग या किनाऱ्यासमोरूनच जायचा, त्यामुळे तिथे जहाजं फार बुडत होती. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटनहून जिब्राल्टरकडे निघालेल्या ओजी ७१ या ताफ्यावर इतका मार बसला की उरलेली जहाजं जिब्राल्टर सोडून तटस्थ पोर्तुगालच्या लिस्बन बंदरात शिरली. किनाऱ्यावरची ब्रिटिश लढाऊ विमानं इतक्या लांब पोचत नसत. मग काही व्यापारी जहाजांवर कॅटपल्ट बसवून एकेक हरिकेन विमान ठेवायला सुरुवात झाली. ते एकदा उडालं की उतरायला जागा नाही. वैमानिकाने काम झाल्यावर समुद्रात उडी मारायची आणि कोणी उचलेल याची वाट बघायची. असं विमान एकदाच वापरता येतं, त्यामुळे ते कधी सोडायचं हा निर्णय कप्तानाला फार जड जायचा.

परत उतरता येईल असा डेक हवा होता, आणि तो एका जर्मन जहाजावर बांधला गेला. ‘हॅनोव्हर’ हे नॉर्डडॉइचर लॉइड कंपनीचं साधारण साडेपाच हजार टनांचं नवं मालवाहू जहाज. मार्च १९४० मध्ये ते वेस्ट इंडिजच्या मोना सामुद्रधुनीतून निसटायच्या बेतात असताना ब्रिटनची क्रूझर ‘डनीडिन’ आणि कॅनडाची विनाशिका ‘असिनिबॉइन’ यांनी त्याला गाठलं. जर्मन खलाशांनी जहाज शत्रूच्या हाती पडू नये म्हणून आग लावली आणि तळाचे व्हॉल्व्ह उघडले. तरी ब्रिटिश-कॅनेडियन खलाशांनी ते बुडू दिलं नाही; जळतं जहाज ओढत जमैकाच्या किंग्स्टनला नेलं. पुढे इंग्लंडमधल्या ब्लाइथच्या गोदीत त्याचा वरचा भाग कापून सपाट डेक चढवला आणि जून १९४१ मध्ये ते नौदलात दाखल झालं. जुलैअखेर ‘ऑडॅसिटी’ हे नाव कायम झालं.

आता डेक. या जहाजाची एकूण लांबी १४२ मीटर, म्हणजे विक्रांतच्या दोन तृतीयांश. हँगर नाही, त्यामुळे लिफ्टही नाही. कॅटपल्ट नाही. वर मनोरा, ज्याला आपण आयलंड म्हणतो, तोही नाही. बाजूला एक छोटासा मचाण, तोच ब्रिज. वेग जेमतेम १५ नॉट (तासाला १५ सागरी मैल). सहा ते आठ मार्टलेट लढाऊ विमानं, आणि ती सगळी रात्रंदिवस उघड्यावर, डेकच्या मागच्या टोकाला बांधून ठेवलेली.

ज्याने हे काम केलंय त्याला एवढ्या वर्णनावरूनच घाम फुटेल. विमानं मागे उभी आहेत, म्हणजे पहिल्या विमानाला धावायला पुढे सुमारे ३०० फूटच उरतात. ते उडालं की दुसऱ्याला थोडी जास्त जागा. पण उडालेलं विमान परत यायचं तर मागचा भाग रिकामा हवा, कारण उतरणाऱ्या विमानाचा हुक अडकवून त्याला थांबवणाऱ्या वायर तिथेच. म्हणून न उडालेली विमानं माणसांनी ढकलत पुढे न्यायची, बॅरिअरच्या, म्हणजे डेकवर आडव्या उभारलेल्या अडथळ्याच्या, पलीकडे लावायची, चाकांना चोक (पाचरी) घालायचे, पंख दोरांनी आवळायचे. विमान उतरलं की सगळी वरात पुन्हा मागे. प्रत्येक उड्डाणाला हेच, तेही डेक डोलत असताना आणि अटलांटिकच्या हिवाळी वाऱ्यात. आम्ही विक्रांतवर एवढी ढकलाढकल फक्त लिफ्ट अडली तर करायचो, आणि तेव्हाही खाली हँगर होता.

दुसरा फरक अजून मोठा. विक्रांतचा डेक तिरका होता. आमचं अलिझे विमान उतरताना हुक वायरला लागला नाही, तर वैमानिक इंजिन फुल देऊन कोनातल्या डेकवरून पुन्हा उडायचा आणि फेरी मारून यायचा. ऑडॅसिटीच्या काळात तिरका डेक कोणाकडेच नव्हता. तिच्या सरळ डेकवर वायर मोजक्या दोन-तीन, त्या चुकल्या तर समोर बॅरिअर, आणि बॅरिअरच्या मागे आपलीच उभी विमानं. मार्टलेट, म्हणजे अमेरिकेचं ग्रुमन वाइल्डकॅट, मजबूत होतं म्हणून निभावलं. त्याची चाकं हाताने फिरवायच्या हँडलने वर घ्यावी लागत, पंचवीस-तीस फेरे. एका हाताने विमान चालवायची काठी सांभाळायची, दुसऱ्या हाताने हँडल फिरवायचं, त्यामुळे उड्डाणानंतरचा पहिला मिनिटभर विमान हवेत झुलतच वर चढायचं.

मेकॅनिकांबद्दल फार कमी लिहिलं जातं. हँगर नसल्याने इंजिनाचं काम उघड्यावर, खाऱ्या तुषारांत, आणि दिवसा विमानं हवेत असल्याने बहुतेक रात्री. शत्रूच्या समुद्रात डेकवर दिवा लावता येत नाही. झाकलेल्या टॉर्चच्या उजेडात स्पार्क प्लग बदलायचे. समुद्रावर दोन दिवस उघडं राहिलेलं विमान पुन्हा उडवण्यायोग्य करायला किती हात लागतात ते मी पाहिलेलं आहे. ऑडॅसिटीवर आठवडेच्या आठवडे हे चाललं, आणि विमानं उडत राहिली. माझ्या मते त्या जहाजाच्या कामगिरीत वैमानिकांइतकाच वाटा या माणसांचा आहे.

तिचा पहिला ताफा ओजी ७४, सप्टेंबर १९४१. बरोबर तिच्या विमानांचं पथक, ८०२ स्क्वाड्रन. २१ सप्टेंबरला एका कॉन्डॉरने ‘वॉल्मर कॅसल’ या बचाव जहाजावर बॉम्ब टाकले. ते आधी बुडालेल्या जहाजांची माणसं उचलत मागे राहिलं होतं. त्याच दिवशी ऑडॅसिटीच्या मार्टलेटनी एक कॉन्डॉर पाडलं. अशा छोट्या कॅरियरच्या विमानाने कॉन्डॉर पाडण्याची ही पहिली वेळ. रात्री मात्र पाणबुड्यांनी जहाजं नेलीच, कारण रात्री ती विमानं काही करू शकत नव्हती. हा दुबळेपणा पहिल्याच फेरीत दिसला होता.

पुढची मोठी फेरी ओजी ७६. ८ नोव्हेंबरला दोन कॉन्डॉर पडली. पहिल्याशी लढताना स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर जॉन विंटूर मारले गेले. दुसरं पाडलं एरिक ब्राउन या तरुण सब-लेफ्टनंटने. कॉन्डॉरला वरून, खालून आणि मागून बंदुका होत्या, त्यामुळे नेहमीसारखं मागून जाणं म्हणजे आगीत शिरणं. ब्राउन समोरून सरळ कॉकपिटवर गेला. दोन विमानं एकमेकांकडे येत असताना गोळ्या मारायला काही सेकंदच मिळतात, आणि त्यानंतर धडक टाळून वर निघावं लागतं. हा तोच ब्राउन, ज्याने पुढे विमानवाहू नौकांवर २,४०७ वेळा विमान उतरवलं आणि ४८७ प्रकारची विमानं चालवली. त्या ताफ्याचं एकही व्यापारी जहाज गेलं नाही.

आता एचजी ७६. हीच ऑडॅसिटीची खरी परीक्षा आणि हीच तिची शेवटची फेरी. १४ डिसेंबर १९४१ रोजी ३२ व्यापारी जहाजं जिब्राल्टरहून ब्रिटनकडे निघाली. संरक्षक जहाजांचा प्रमुख कमांडर एफ. जे. वॉकर, ‘स्टॉर्क’ या स्लूपवर, म्हणजे छोट्या संरक्षक युद्धनौकेवर. ऑडॅसिटीवर त्या वेळी उडण्याजोगी विमानं फक्त चार होती. पलीकडे जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख ॲडमिरल डोनित्झ याने या एका ताफ्यासाठी पाणबुड्यांचा कळप लावला होता.

इथे गणित समजून घ्यायला हवं, कारण एस्कॉर्ट कॅरियरची सगळी किंमत त्यात आहे. ताफा सात-आठ नॉटने चालतो. त्या काळची जर्मन पाणबुडी पाण्यावर १७ नॉटने धावते, म्हणून दिवसा क्षितिजापलीकडून ताफ्याच्या पुढे जाऊन रात्री वाट अडवू शकते. पाण्याखाली मात्र तिचा वेग कसाबसा सात, आणि तोही थोडाच वेळ. बॅटरी टिकवायची तर तीन-चार नॉट. म्हणजे विमान दिसून तिने एकदा बुडी मारली की ताफा तिला मागे टाकून निघून जातो. विमानाने तिच्यावर बॉम्ब टाकलाच पाहिजे असं नाही. नुसतं तिच्या डोक्यावर असणं पुरतं. मार्टलेटकडे पाणबुडीविरोधी डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, नव्हतेच. त्यांच्याकडे डोळे होते, मशिनगन होत्या आणि रेडिओ होता.

१७ डिसेंबरला सकाळी मार्टलेटने ताफ्यापासून सुमारे २२ मैलांवर एक पाणबुडी पाहिली, यू-१३१. वॉकरने पाच जहाजं घेऊन तिचा पाठलाग केला. डेप्थ चार्जच्या माराने तिला पाण्याखाली राहवेना, ती वर आली आणि पाण्यावरून पळू लागली. सब-लेफ्टनंट जॉर्ज फ्लेचर मशिनगन चालवत तिच्यावर झेपावला. पाणबुडीच्या तोफेचा मारा थेट त्याला लागला आणि तो समुद्रात कोसळून गेला. पण तोवर जहाजांच्या तोफा टप्प्यात आल्या होत्या. जर्मन खलाशांनी पाणबुडी स्वतः बुडवली आणि सगळे कैद झाले. कागदोपत्री ती जहाजांच्या खात्यात जाते. विमान नसतं तर २२ मैलांवरची ती पाणबुडी कोणाला दिसलीच नसती, आणि तीच इतरांना ताफ्याची खबर देत होती.

१८ तारखेला यू-४३४ बुडाली. १९ च्या पहाटे यू-५७४ ने विनाशिका ‘स्टॅन्ली’ला टॉर्पेडो मारला, ती स्फोटाने गेली. वॉकरने त्याच पाणबुडीचा पाठलाग करून स्टॉर्क तिच्या अंगावर घातली. त्याच दिवशी ‘रकिंज’ हे व्यापारी जहाज गेलं, आणि मार्टलेटनी आणखी दोन कॉन्डॉर पाडली. तिन्ही महिन्यांत मिळून ही संख्या पाच होते. मूठभर विमानांच्या पथकासाठी ती लहान नाही, कारण जर्मनीकडे कॉन्डॉर मुळातच मोजकी होती.

२१ तारखेच्या सकाळी एका गस्तीच्या विमानाला ताफ्याच्या मागे सुमारे २५ मैलांवर दोन पाणबुड्या एकमेकींना खेटून उभ्या दिसल्या. मध्ये फळी टाकलेली, तिच्यावरून माणसं ये-जा करत होती. बहुधा एकीच्या नुकसानीची दुरुस्ती चालली होती. वैमानिकाने फळीवर मशिनगन चालवली. भर समुद्रात, दिवसाउजेडी, निर्धास्तपणे दुरुस्ती करण्याइतकी मोकळीक पाणबुड्यांना वाटत होती. त्या सकाळी ती संपली.

डोनित्झच्या लक्षात आलं होतं की ही नौका असेपर्यंत आपला कळप ताफ्याजवळ टिकत नाही. तिला बुडवणं हे त्याने पाणबुड्यांसाठी पहिलं काम ठरवलं.

आता त्या रात्रीबद्दल, ज्यावर अजूनही वाद होतो. ऑडॅसिटी रात्री ताफ्याच्या रांगांत न राहता बाहेर पडून नागमोडी चालत असे. त्याला कारण होतं. मोठं, संथ लक्ष्य रांगेत ठेवलं तर रांगेवर सोडलेला टॉर्पेडो त्याला लागू शकतो. त्या संध्याकाळी तिचे कप्तान कमांडर मॅकेंड्रिक यांना ताफ्याच्या उजव्या बाजूला जायचं होतं आणि सोबत एक कॉर्व्हेट, म्हणजे छोटी संरक्षक युद्धनौका, हवी होती. वॉकरला धोका उजवीकडून वाटत होता, म्हणून त्याचं म्हणणं डावीकडे राहा असं होतं, आणि कॉर्व्हेट द्यायला त्याच्याकडे शिल्लक नव्हती. मॅकेंड्रिक हुद्द्याच्या ज्येष्ठतेत वॉकरच्या वरचे. वॉकरने सल्ला दिला, हुकूम दिला नाही. ऑडॅसिटी उजवीकडे, एकटी, साधारण दहा मैलांवर गेली.

रात्री साडेआठच्या सुमारास ‘अ‍ॅनाव्होर’ या नॉर्वेजियन जहाजाला टॉर्पेडो लागला. शेजारच्या जहाजांनी पाणबुडी दिसावी म्हणून ‘स्नोफ्लेक’ नावाचे उजेडाचे रॉकेट सोडले. त्या पांढऱ्या उजेडात कॅप्टन-लेफ्टनंट गेरहार्ड बिगाल्क याच्या यू-७५१ ला समोर एका विमानवाहू नौकेची काळी आकृती दिसली. पहिला टॉर्पेडो इंजिनखोलीत लागला. नौका थांबली आणि मागून बसत चालली. बिगाल्क पाण्यावरच जवळ आला आणि आणखी दोन टॉर्पेडो मारले. नौकेचा पुढचा भाग उडाला. ७३ माणसं गेली, त्यांत मॅकेंड्रिकही. कॉर्व्हेटनी डिसेंबरच्या थंड पाण्यातून जिवंत राहिलेल्यांना उचललं. ब्राउन त्यांत होता. बिगाल्कला जर्मनीने नाइट्स क्रॉस हे शौर्यपदक दिलं. पुढच्या जुलैत त्याची पाणबुडी ब्रिटिश विमानांनी सगळ्या माणसांसह बुडवली.

दोष कोणाचा? वॉकरने आपल्या अहवालात तो स्वतःकडे घेतला, की मी हुकूम द्यायला हवा होता. मला तो त्याचा मोठेपणा वाटतो, पण मूळ दोष नौदलाच्या व्यवस्थेचा होता. ताफ्याचा संरक्षक प्रमुख एक आणि त्याच ताफ्यातल्या कॅरियरचा कप्तान ज्येष्ठतेने त्याच्या वरचा, ही रचना धोकादायक आहे. पाण्यावर हुकूम एकाचाच चालला पाहिजे, आणि तो ज्येष्ठता यादी न पाळता कामावरून ठरला पाहिजे. दुसरं, विमानवाहू नौकेला एकटीने रात्र काढायला लावणं कुठल्याही कारणाने समर्थनीय नाही. आजही विमानवाहू नौका निघते तेव्हा तिच्याभोवती फ्रिगेट आणि विनाशिका का असतात, हे त्या रात्रीवरून कळतं.

त्याच रात्री ‘डेप्टफर्ड’ या संरक्षक जहाजाने यू-५६७ बुडवली. तिच्यावर एंड्रास होता, जर्मनीच्या नामवंत पाणबुडी कप्तानांपैकी एक. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरून लांब पल्ल्याचं लिबरेटर विमान पोचलं, आणि डोनित्झने हल्ला थांबवला. हिशेब केला तर ३२ पैकी दोनच व्यापारी जहाजं गेली. संरक्षकांतली ऑडॅसिटी आणि स्टॅन्ली गेली. जर्मनीच्या, ताफा निघाल्यापासून, पाच पाणबुड्या गेल्या. त्या काळात हा जर्मनीसाठी जबर तोटा होता.

ऑडॅसिटी गेली, पण ॲडमिरल्टीला, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या मुख्यालयाला, हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. अमेरिकेनेही १९४१ मध्येच ‘लाँग आयलंड’ ही अशी नौका तयार केली होती. आता दोन्ही देशांनी हँगर, लिफ्ट आणि कॅटपल्ट असलेल्या एस्कॉर्ट कॅरियर मोठ्या प्रमाणात बांधायला घेतल्या. अमेरिकेच्या कायझर कंपनीने कॅसाब्लांका वर्गाच्या ५० नौका साधारण वर्षभरात पाण्यात उतरवल्या. धान्यवाहू आणि तेलवाहू जहाजांवर नुसता डेक बसवून त्यांना मालासकट काही विमानं नेऊ देण्याची युक्तीही वापरात आली. १९४३ च्या वसंतात ‘बोग’, ‘बायटर’, ‘आर्चर’ यांची विमानं डेप्थ चार्ज आणि रॉकेट घेऊन अटलांटिकच्या मधोमध पोचली. ज्या पट्ट्यात किनाऱ्यावरची विमानं येत नसत तिथे आता जहाजावरची विमानं होती. त्या एका मे महिन्यात जर्मनीने चाळीसच्या वर पाणबुड्या गमावल्या आणि डोनित्झने उत्तर अटलांटिकमधून कळप मागे घेतले. याचं श्रेय रडार, सांकेतिक संदेश फोडणारे आणि लांब पल्ल्याची विमानं यांनाही आहे. कॅरियरचा वाटा त्यात आहे, सगळं तिचं नाही.

आपल्या समुद्राबद्दल. १९४४ मध्ये हिंदी महासागरात जर्मन पाणबुड्या मुंबई आणि एडनच्या मार्गांवर जहाजं बुडवत होत्या. त्यांच्या शोधाला ‘बेगम’ आणि ‘शाह’ या एस्कॉर्ट कॅरियर काही संरक्षक जहाजांसह सेशेल्स बेटांच्या परिसरात पाठवल्या गेल्या. विमानांनी यू-१९८ हिचा माग काढला आणि १२ ऑगस्ट १९४४ रोजी ब्रिटनची ‘फाइंडहॉर्न’ आणि रॉयल इंडियन नेव्हीची ‘गोदावरी’ यांनी तिला बुडवलं. म्हणजे ऑडॅसिटीने जी जोडी जमवून दाखवली, वरून बघणारं विमान आणि खालून जाऊन मारणारं जहाज, तिच्यात या वेळी भारतीय खलाशी होते. त्या नौदलाच्या खलाशांत रत्नागिरी पट्ट्यातल्या दर्यावर्दी घराण्यांतली माणसं परंपरेने भरती होत असत. फाळणीनंतर ती गोदावरी पाकिस्तानच्या वाट्याला गेली. माझगाव गोदीत बांधलेली नवी ‘गोदावरी’ १९८३ मध्ये भारतीय नौदलात आली.